ओलाव्याचा रकाना

कोणताही फॉर्म हातात आला की मेश्राम मॅडम तो भरायच्या नाहीत, पहिले त्याच्याशी भांडायच्या. बँकेत, दवाखान्यात, एसटीच्या पासच्या खिडकीवर, कुठेही. एकदा लाखनीच्या बँकेत मी त्यांच्यासोबत गेली होती. खिडकीवरच्या बाबूनं कागद दिला. मॅडमनं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, कागद पूर्ण वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली, अन् विचारलं, "हा कोनं बनवला?"

"वरून येते मॅडम."

"वरून पानी येते. कागद कोनीतरी बसून बनवते. बनवताना भरणाऱ्याले विचारलं काय?"

बाबू माझ्याकडे पाहायला लागला, जसं काही मी त्यांले आवरू शकते! मागे लाइन वाढून राहिली होती. एक म्हातारी आजी शेवटी म्हणाली, "माय, माह्यं काम होऊ दे, मंग भांड तू निवांत." मॅडम झटकन बाजूला झाल्या. आजीचा कागद स्वतः घेतला, एकेक ओळ तिले वाचून दाखवली, ती काय सांगते ते ऐकलं, अन् तेच्या तेच पेन्सिलनं लिहिलं. मग वरून पेन फिरवला. पहिले पेन्सिल, मग पेन, ही त्यांची पद्धत. "खोडता आलं पायजे. माणूस आपलं सांगनं बदलू शकते."

आता मॅडम कोण ते सांगते, नाहीतर मी अशीच सांगत सुटीन. जवाहरनगरच्या फॅक्टरीत त्या स्टोअरला होत्या, सारी नोकरी तिथंच. रिटायर झाल्या अन् आमच्या इकडच्या धान गिरण्यांच्या गटानं त्यांले संयोजक म्हणून बोलावून घेतलं. भानगड अशी होती की ट्रकच्या वजनकाट्यावरचं कॉम्प्युटर वेगळं, गिरणीचं वेगळं, गोदामाचं वेगळं, ट्रान्सपोर्टवाल्याचं तर भलतंच. एकाचं दुसऱ्याले कळत नव्हतं. एक ट्रक धान आला की तीच माहिती चार ठिकाणी चार जणं नव्यानं टाइप करायचे, अन् चारही ठिकाणी थोडी थोडी वेगळी व्हायची. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं की एक फॉर्मॅट करू. कोणता रकाना कुठे, त्याचा अर्थ काय, तो एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर कसा जाईल, हे सगळं एकदाच लिहून काढू, अन् ते खुलं ठेवू. कोणीही घ्यावं, कोणीही वापरावं, मालक कोणी नाही.

मी वरठीची. बाबा स्टील प्लांटमध्ये, मी नागपुरातून इंजिनिअरिंग करून घरी बसलेली. या गटाले मसुदा टाइप करायले अन् नमुन्याचा प्रोग्राम लिहायले कोणीतरी पाहिजे होतं. लाखनीत हायवेवर टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तेच ऑफिस. पहिल्या दिवशी मी टाइप करून राहिली होती तर मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. स्वतः एका बोटानं टाइप करायच्या, प्रत्येक अक्षर शोधून, सापडलं की "हे पाय" म्हणून. माझी बोटं पाहून म्हणाल्या, "अवं बाई, ही त फटफटी हाय." तेव्हापासून माझं नाव फटफटी. ऑफिसात, गिरण्यांवर, काट्यावर, सगळीकडे.

त्यांची मीटिंग कशी चालायची ते तुम्हाले सांगितलंच पाहिजे. पहिल्या मीटिंगले मोठ्या गिरणीचे मालक आले होते, सगळे त्यांले भैयाजी म्हणायचे. नागपूरचे एक सॉफ्टवेअरवाले साहेब होते, लॅपटॉप उघडून तयार. अन् कोपऱ्यात देवरावभाऊ, भैयाजींच्याच गिरणीच्या काट्यावर बसणारे, ढिवरांपैकी. ड्यूटी नसली की गावच्या तलावावर जाळं टाकायचे. भैयाजींनी घसा साफ केला तर मॅडम म्हणाल्या, "थांबा भैयाजी. आमच्या गावच्या विहारात सगळ्यात लहान पहिले बोलते. मोठा पहिले बोलला त मंग बाकीचे निस्ते मान हलवते. देवरावभाऊ, बोला."

"मी ऐकाले आलो मॅडम."

"तुम्ही बोलल्याशिवाय इथं ऐकाले काही भेटनार नाई."

अन् खरंच, त्या गप्प बसल्या. सगळे गप्प. चहावर साय आली. खाली टायरवाल्याचा हातोडा वाजून राहिला होता. नागपूरच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं, भैयाजींनी छत पाहिलं. मले तर हसू फुटून राहिलं होतं. शेवटी देवरावभाऊ मसुद्याचा कागद पुढे सरकवत म्हणाले, "आता बोलाचंच त बोलतो. माह्या काट्यावर ट्रक दोनदा चढते. एकदा भरला, एकदा रिकामा. तुमच्या कागदात एकदाच चढून राह्यला. मंग धान किती आलं ते कोन सांगन, ड्रायव्हर?"

भैयाजीच सगळ्यात मोठ्यानं हसले. नागपूरच्या साहेबांनी बनवलेला मसुदा होता तो, अन् त्यात वजनाचा रकाना खरंच एकच होता! मॅडमनं पेन्सिलनं दुसरा काढला अन् मले म्हणाल्या, "लिही फटफटी, सूचना देवरावभाऊची. नावासकट लिही."

त्या साहेबांनी मग दुसरा डाव टाकला. म्हणाले, कशाले एवढा त्रास, आमच्या कंपनीचा फॉर्मॅट तयारच आहे, तो घ्या, फुकट देतो.

"आज फुकट," मॅडम म्हणाल्या. "उद्या?"

"उद्याचं उद्या पाहू मॅडम."

"मंग आजचंही उद्याच पाहू."

त्या भांडायच्या पण त्यांचा आवाज चढायचा नाही. भांडण झालं की डबा उघडायच्या अन् ज्याच्याशी भांडल्या त्यालेच पहिला लाखोळीच्या डाळीचा वडा द्यायच्या. साहेबांनी वडा खाल्ला अन् वर आणखी एक मागितला.

मग धानाच्या जातींचा घोळ. एकाच धानाले एका गिरणीत एक नाव, दुसरीत दुसरं. मले वाटायचं, एक नाव ठरवा अन् सगळ्यांवर लादा, झालं! मॅडम म्हणाल्या, "लादलेलं नाव तोंडात बसत नाई." मग स्टोअरमधली गोष्ट सांगितली. एकच बोल्ट, पण प्रत्येक टेबलावर त्याले वेगळं नाव. एक टेबल बोंबलून राहिलं होतं की बोल्ट संपला, काम बंद, अन् बाजूच्या टेबलाच्या कपाटात त्याच बोल्टच्या पेट्या छताले टेकल्या होत्या. "घरी लेकराले बाळ्या म्हना नाई त सोन्या म्हना. शाळेत हजेरी एकाच नावानं लागते." तर असं ठरलं की ज्याच्या त्याच्या पडद्यावर ज्याचं त्याचं नाव, अन् मशीनमधून मशीनमध्ये फक्त एक ठरलेला नंबर जाईल. त्यासाठी आम्ही गिरणीगिरणीत फिरलो, बसनं, माझ्या गाडीवर, कधी ट्रकच्या केबिनमध्ये बसून. मॅडमच्या पर्समध्ये कागदाच्या पुड्याच पुड्या. कोणाच्याही हातावर चार दाणे ठेवायच्या अन् विचारायच्या, "तुम्ही याले काय म्हनता?" तो सांगेल ते लिहायच्या. कोणालेही चूक म्हणाल्या नाहीत. मी ते घरी सांगितलं तर आई म्हणाली, "अशी मास्तरीण मले भेटली असती त मी शाळा सोडली नसती."

अन् मग आला ओलावा.

धान आलं की त्याचा ओलावा मोजतात. ओलं असलं तर पहिले वाळवायचं, वाळलेलं असलं तर सरळ पोत्यांची थप्पी लावायची. आता ओलाव्याचं मशीन काही काट्यांवर आहे, काहींवर दोघांत मिळून एक, अन् कुठे सेल संपलेला. म्हणून मॅडमचं म्हणणं, या रकान्यात एकतर आकडा येईल, नाहीतर तीन उत्तरांपैकी एक: मोजला नाही, मशीन बंद, मोजायची गरज नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी कपाळावर हात मारले. आकड्याच्या रकान्यात शब्द? मीही त्यांच्यातलीच. मी म्हटलं, "मॅडम, नाही मोजला तर रिकामं सोडा ना. कायले एवढा पसारा?"

तेव्हा त्यांनी त्यांच्या बाबांचं सांगितलं. एकदाच सांगितलं, परत कधी विषय काढला नाही. बाबा मजुरी करायचे. रोवणी, कापणी, बांध टाकणं, विहीर खोदणं, जे मिळेल ते. कसल्या तरी कागदावर अंगठा द्यायचा होता म्हणून शेतातून तसेच गेले. कागदावर धंद्याचा एकच रकाना. बाबूनं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही, बाबूनं आपल्या मनानं लिहिलं, "काही नाही". मॅडम शाळेत जायला लागल्यावर त्यांनीच ते बाबांले वाचून दाखवलं. "माह्या बापाच्या पायाले तवा बी चिखल होता, फटफटी. अन् मी त्याले वाचून दाखवून राहिली की तू काही करत नाई."

मी नुसती मान हलवली. पण पटलं होतं का? खरं सांगते, पटलं नव्हतं. मले वाटलं, गोष्ट चांगली आहे, पण प्रोग्राम गोष्टीवर चालत नाही.

नियम असा होता की शेवटचा मसुदा पंधरा दिवस सगळ्यांसाठी ठेवायचा. काट्यावर चिकटवायचा, इंटरनेटवर टाकायचा. ज्याले हरकत आहे तो सांगेल, त्याले लेखी उत्तर जाईल, मग मॅडमची सही. मसुद्यावर देवरावभाऊंचा जबाब यायचा बाकी होता. त्यांच्या मच्छी सोसायटीचं तलावावर काम सुरू होतं, ते गावातच अडकले होते. तेवढ्यात मॅडमच्या बहिणीचं तुमसरले डोळ्याचं ऑपरेशन निघालं. त्यांनी शेवटच्या पानावर सही करून ठेवली अन् मले सांगितलं, "पंधरा दिवस होऊ दे. देवरावभाऊचा जबाब येऊ दे. मंग पक्का म्हनून इंटरनेटवर चढव." सही करून कागद माझ्या हातात! एवढा विश्वास.

अन् भंडाऱ्यात मोठा कार्यक्रम ठरला होता. बाहेरचे लोक येणार, फॉर्मॅट दाखवायचा, नमुन्याचा प्रोग्राम चालवून दाखवायचा. तो चालवणार मी! माझ्या डोक्यात तेच. पंधरा दिवसांतले चार उरले होते. नागपूरचे साहेब फोनवर म्हणाले, "एका काटेवाल्यासाठी थांबून राहिले का तुम्ही?" अन् ती तीन उत्तरं काही केल्या माझ्या प्रोग्राममध्ये नीट बसून राहिली नव्हती. मी ती काढून टाकली. ओलाव्याचा रकाना: फक्त आकडा. एक ओळ. दोन मिनिटांचं काम. मॅडमच्या सहीचं पान मागे जोडलं अन् चढवून दिलं. म्हटलं, पुढच्या आवृत्तीत घालू परत.

मॅडमचा तुमसरवरून फोन आला. "देवरावभाऊचा जबाब आला काय?"

"येऊन जाईल मॅडम."

खोटं तर नव्हतं ना? मी तेव्हा स्वतःले हेच म्हटलं.

कार्यक्रम एक नंबर झाला. टाळ्या काय, फोटो काय! माझा नमुन्याचा प्रोग्राम गिरण्यांनी जसाच्या तसा उचलला, मी खुशीत. पण त्या प्रोग्राममध्ये एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. ओलाव्याचा रकाना रिकामा सोडला की तो आपल्याच मनानं तिथे शून्य भरायचा.

इकडे अवकाळीचे दोन शिंतोडे येऊन गेले होते. भैयाजींच्या काट्यावर मशीनचा सेल गेलेला. देवरावभाऊंनी रकाना रिकामा सोडला, पुढे गेलं, त्यांले वाटलं बरोबर आहे. गोदामातल्या कॉम्प्युटरनं शून्य वाचलं. शून्य म्हणजे खडखडीत वाळलेलं. तिथे मुनीमही नवीनच, पडद्यावर भरवसा ठेवणारे, कोणी पोत्यात हात घालून पाहिला नाही. ओल्या धानाची थप्पी लागली, सरळ. आठ-दहा दिवसांनी वास सुटला. थप्पीत हात घातला तर आतून गरम. धान तापलं होतं, दाणा पिवळा पडला होता.

पडद्यावर शून्य, शून्याच्या बाजूला देवरावभाऊंचं नाव. भैयाजींनी त्यांले त्याच दिवशी काट्यावरून उठवलं. देवरावभाऊ सगळ्यांले एकच सांगून राहिले होते, "मी रिकामं सोडलं होतं. शून्य म्या नाई टाकलं." कोणी ऐकलं नाही. कॉम्प्युटर कशाले खोटं बोलेल?

मॅडमच्या बहिणीचं दुखणं लांबलं होतं, चार दिवसांचा महिना झाला होता. त्या परत आल्या त्या घरी न जाता सरळ काट्यावर. स्वतः खुर्चीवर बसल्या, एका बोटानं सगळं भरलं, ओलावा रिकामा सोडला. पुढचा पडदा आला. तिथे शून्य. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मी बाजूलेच होती. मले वाटलं आता मले विचारतील. त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "मीटिंग बोलाव."

मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तेच करून दाखवलं. रिकामं सोडलं, शून्य आलं. "शून्य देवरावभाऊच्या हाताचं नाई," मॅडम म्हणाल्या. "आमच्या कागदाचं हाय. त्यांले उद्या सकाळी काट्यावर बसवा, भैयाजी."

"ते बसवतो," भैयाजी म्हणाले. "पण मॅडम, आपलं तर तीन उत्तरांचं ठरलं होतं ना? ते काढलं कोणी?"

मी कोपऱ्यात इतिवृत्त टाइप करून राहिली होती. जो जे बोलेल ते लिहायचं, हेच माझं काम. माझी बोटं थांबली. मले उठून फक्त दोन शब्द बोलायचे होते. मी केलं. एवढंच. मी मॅडमकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"कागदावर सही माझी हाय," त्या म्हणाल्या. "लिहा. चूक संयोजकांची."

अन् मी लिहिलं. ते वाक्य मी टाइप केलं, स्वतःच्या हातानं, एकही चूक न करता.

भैयाजी वाईट माणूस नाहीत. पण नुकसान झालं होतं, लोक चिडले होते, कोणाले तरी जावं लागणार होतं. मॅडमनं त्याच दिवशी पद सोडलं. देवरावभाऊ परत काट्यावर बसले. नागपूरचे साहेब संयोजक झाले, पंधरा दिवसांचे तीन दिवस झाले, अन् आता हरकती फक्त ईमेलवर घेतात. देवरावभाऊंकडे ईमेल नाही. फॉर्मॅट खुला आहे, अजूनही कोणीही घेऊ शकते. दूरदूरचे लोक घेतात, मले लिहितात, किती सोपा आहे म्हणतात. मॅडमचं नाव कोणी विचारत नाही.

मी रोज ठरवायची, उद्या त्यांच्या घरी जाईन. लाखनीवरून जवाहरनगर कितीसं लांब! पण रोज काही ना काही निघायचं. मग त्या मुलीकडे राहायले गेल्या असं ऐकलं. मग हिवाळ्यात देवरावभाऊंचा फोन आला, मॅडम गेल्या म्हणून.

ती तीन उत्तरं मी परत घातली आहेत. भांडून घातली, साहेबांशी. मॅडमसारखं, आवाज न चढवता भांडणं मले जमलं नाही. प्रत्येक आवृत्तीच्या शेवटी काय बदललं, कोणी बदललं, याची यादी असते. त्यात मी लिहिलं आहे की मागच्या वेळी ही उत्तरं मुदत संपायच्या आधी, कोणाले न विचारता मी काढली होती, संयोजकांनी नाही. खाली माझं पूर्ण नाव. जो कोणी फॉर्मॅट घेईल त्याले ते दिसेल.

देवरावभाऊंले मी काट्यावर जाऊन ते वाचून दाखवलं. ते रिकाम्या ट्रकचं वजन घेऊन राहिले होते. घेऊन झालं, ट्रकले हात दाखवला, अन् म्हणाले, "मले आंदाज होता."

"मग बोलले काहून नाही भाऊ?"

"म्या कायले बोलू? अन् हे मले सांगून काय फायदा? मॅडमले सांगाचं होतं."

मॅडमले मी शेवटचं पाहिलं ते त्या मीटिंगच्या दिवशीच. दुपारची वेळ. मॅडम डबा, पर्स, छत्री घेऊन जिना उतरून गेल्या होत्या. मी इतिवृत्त छापायले लावलं, अन् मशीनमधून ते पान बाहेर येताना पाहिलं, अन् मले राहवलं नाही, मी धावत खाली आली. त्या रस्त्यापलीकडे स्टॉपवर उभ्या होत्या, भंडाऱ्याकडे तोंड करून. मधून ट्रकांची रांग सुरू होती, एकामागे एक, संपेचना. मी या बाजूनं ओरडली, "मॅडम! मॅडम, थांबा!" दोन ट्रकांच्या मधल्या फटीतून त्यांनी मले पाहिलं. मी रस्त्यावर पाय टाकला तर त्यांनी झटकन हात वर केला, तळवा माझ्याकडे. थांब. येऊ नको. ट्रकांमुळे म्हणाल्या, की दुसऱ्या कशामुळे, मले आजही माहीत नाही. मी मागे सरकली. तेवढ्यात त्यांची बस येऊन मध्ये उभी राहिली. खिडक्यांमधून मी त्यांले शोधून राहिली होती, त्या बहुतेक पलीकडच्या बाजूले बसल्या असतील. बस गेली. तिच्या मागचे ट्रकही गेले, रस्ता एकदम मोकळा झाला, अन् मी चालत पलीकडे गेली. स्टॉपवर कोणी नव्हतं.